घर, पाणी आणि जागृत वस्ती
(१९९३ च्या भूकंपानंतरच्या अनुभवांचा एक अभ्यास)

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा आहेत, असे आपण शाळेत शिकतो. त्या यादीत पाणी नसते, कारण ते सर्वांना मिळतेच असे गृहीत धरलेले असते. आपल्या समाजाला मात्र ते कधीच गृहीत धरता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. घराचीही तीच कथा. गावकुसाबाहेरची, बहुधा ओढ्याकाठची सखल जागा वाट्याला आली आणि तिचाही कागद हाती नव्हता. म्हणून घर आणि पाणी हे आपल्यासाठी सोयीइतकेच हक्काचे विषय आहेत. आपल्या धाराशिव जिल्ह्याने या दोन्ही बाबतींत फार मोठी किंमत मोजून काही ज्ञान मिळविले आहे. ते नव्या पिढीपर्यंत पोहोचावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भूकंपाने काय दाखविले?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याला भूकंपाचा धक्का बसला. आदल्या रात्री गणेश विसर्जन झाले होते आणि गावे गाढ झोपेत होती. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातील सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावे उद्ध्वस्त झाली. शासकीय नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या श्रेणीत होता. पुढे २००२ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत घालण्यात आला.

एवढी माणसे का मेली, हे विद्यार्थ्यांनी समजून घेतले पाहिजे. आपल्याकडील माळवदाच्या घराची भिंत दगड-मातीची, दोन-अडीच फूट जाडीची असे. बाहेरून एक आणि आतून एक असे दगडांचे दोन थर रचायचे आणि मध्ये माती व कपच्या भरायच्या, अशी पद्धत होती. दोन्ही थरांना जोडणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नसे. धक्का बसताच दोन्ही थर फाकले आणि भिंत ढासळली. वर गळू नये म्हणून वर्षानुवर्षे टाकलेल्या मातीचे प्रचंड ओझे होते. अनेक घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, पण माणसे दगडाखाली गाडली गेली. हलक्या छपराच्या आणि कुडाच्या झोपडीत राहणारी गरीब माणसे त्यामानाने अधिक वाचली. म्हणजे धोका घराच्या गरिबीत नव्हता, तो जड आणि न बांधलेल्या भिंतीत होता.

पुनर्वसनाचे दोन मार्ग

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राज्य शासनाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्यात दोन मार्ग ठळकपणे दिसतात. पहिला मार्ग म्हणजे नव्या जागी नवे गाव. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे अशी वसविण्यात आली. त्यांतील बरीच घरे स्वयंसेवी व दानशूर संस्थांनी बांधून दिली. घराचे आकारमान जमिनीच्या मालकीवर ठरले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत ४०० चौरस फूट आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फूट.

या नियमाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. अनेक भूमिहीन कुटुंबांना आयुष्यात प्रथमच पक्के घर मिळाले, हा फायदा लहान नाही. पण घरात माणसे किती, हे न विचारता रानात जमीन किती, हे विचारले गेले. आठ माणसांच्या मजूर कुटुंबाला २५० फूट आणि चार माणसांच्या बागायतदाराला ७५० फूट, अशी विषमता नव्या गावाच्या पायातच घातली गेली. शिवाय सरळ रस्त्यांच्या आखीव गावात जनावरांना जागा नव्हती, अंगण नव्हते, शेत दूर गेले. लोकांनी पुढे पत्र्याची शेड काढून आपापली सोय केली.

दुसरा मार्ग म्हणजे आहे त्याच गावात घराची दुरुस्ती व मजबुतीकरण. लातूर आणि उस्मानाबादच्या शेकडो गावांत हे काम झाले. येथे घरमालकानेच काम करून घ्यायचे, शासनाने टप्प्याटप्प्याने साहाय्य द्यायचे आणि अभियंत्याने सल्ला द्यायचा, अशी रीत होती. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड बसविणे, माळवदावरची जादा माती उतरविणे, चारी भिंतींना एकत्र बांधणारा सिमेंट-लोखंडाचा पट्टा घालणे, कोपरे बळकट करणे, ही कामे गावच्या गवंड्यांनी शिकून घेतली.

संवाद सहायक भगिनी

या दुसऱ्या मार्गात एक अडचण होती. योजना कागदावर चांगली असली तरी हप्ता कधी, किती, कशासाठी, हे घरातील बाईला कोणी सांगत नव्हते. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने चाललेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या. या भगिनींनी घरोघर जाऊन योजना समजावून दिली, बांधकामावर लक्ष ठेवले आणि तक्रारी ग्रामसभेत मांडल्या. ज्या स्त्रिया पूर्वी चावडीसमोरून पदर सावरून जात, त्या अभियंत्याला ‘पट्टा का घातला नाही?’ असे विचारू लागल्या. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर याच भागातील स्त्रिया कच्छमध्ये गेल्या आणि तेथील स्त्रियांना त्यांनी आपला अनुभव सांगितला.

आयत्या मिळालेल्या भिंतीबरोबर ती सांभाळण्याचे ज्ञान आपोआप येत नाही. जेथे लोकांनी स्वतः विचारले, मोजले आणि हिशोब पाहिला, तेथे घराबरोबर शहाणपणही शिल्लक राहिले. या सर्व अनुभवाचे सार हेच आहे.

पाण्याचा हिशोब

पाण्यालाही हेच सूत्र लागू पडते. आपला जिल्हा काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी फक्त भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात साठते. म्हणून दोन वर्षे पाऊस रुसला की विहिरी व कूपनलिका एकदम कोरड्या पडतात. १९७२, २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ आपण सोसले. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परांडा भागात अतिवृष्टीने घरांत पाणी शिरले. दुष्काळ आणि पूर दोन्ही येणार, हे धरूनच वस्तीने तयारी ठेवली पाहिजे.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला २७५ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या अठरा घागरी. आता २५० चौरस फुटांच्या छताचा हिशोब करू. सातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी सुमारे १३,००० लिटर पाणी त्या छतावरून वाहून जाते. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी १० लिटर लागतात असे धरले, तर ते अडीचशेहून अधिक दिवसांचे पाणी आहे. सगळे साठविण्याची टाकी प्रत्येकाला परवडणार नाही. पण वाळू-खडीच्या गाळणीतून ते विहिरीजवळ किंवा कूपनलिकेजवळ मुरविणे चार घरांनी मिळून सहज करता येते.

आपण काय करावे?

१. घरकुलाची तयारी आधी करावी. रमाई आवास योजना आपल्या समाजासाठीच आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, जातीचा दाखला आणि सर्व कागदांवर एकसारखे नाव असावे. जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेची चौकशी करावी.

२. खाते चालू ठेवावे. बँकेत काम करताना वारंवार दिसते की, व्यवहार नसल्याने खाते निष्क्रिय होते किंवा आधार जोडलेले नसते आणि हप्ता अडकतो. अर्धवट जोत्यावर पावसाळा येतो आणि माणूस सावकाराच्या दारात जातो. शिकलेल्या मुलांनी वस्तीतील पासबुके वर्षातून दोनदा तपासून द्यावीत.

३. गवंड्याला विचारावे. पट्टा कोठे, गज किती, कोपरा कसा बांधला, हे पाहण्यास पदवी लागत नाही.

४. पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या स्त्रिया असतात. त्यांत आपल्या वस्तीतील भगिनी असावी आणि तिने बैठकीत बोलावे. नळाच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचते का, हे तीच सांगू शकेल.

५. पाणी तपासून घ्यावे. पूर ओसरल्यावर टीसीएल पावडर टाकल्याखेरीज विहिरीचे पाणी पिऊ नये. शाळेतील विद्यार्थ्यांनी जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी शिकून घ्यावी.

शेवटी एकच विनंती. भूकंपाच्या वेळी जी मुले पाळण्यात होती, ती आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना आरपार दगड म्हणजे काय, हे ठाऊक नाही. जे सास्तूर-होळीने जीव देऊन शिकविले, ते विसरले जाऊ नये. प्रत्येक विद्यार्थ्याने या वर्षी आपल्या वस्तीतील एक घर आणि एक पाणवठा निवडावा, वर सांगितल्याप्रमाणे त्याची तपासणी करावी आणि आपले टिपण संस्थेच्या बैठकीत वाचून दाखवावे.