‘प्रेझेंटली’ : तत्परतेपासून दिरंगाईपर्यंत

इंग्रजीतील ‘प्रेझेंटली’ या क्रियाविशेषणाचा एक जुना अर्थ ‘ताबडतोब’ असा आहे. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या नाटकात प्रॉस्पेरो हा मांत्रिक एरिअलला आपल्या हाताखालील भूतगण आणावयास सांगतो. एरिअल याच शब्दाने पृच्छा करतो आणि पापणी लवण्याच्या आत, अशा आशयाचे उत्तर त्यास मिळते. अनुवादकाने येथे ‘थोड्या वेळाने’ असे लिहिल्यास त्या आज्ञेची सारी धारच बोथट होईल.

पुढे, ‘आत्ता करतो’ म्हणून वेळ काढण्याच्या मनुष्यस्वभावामुळेच की काय, या शब्दास ‘लवकरच’ हा सैल अर्थ चिकटला. ‘सून’ हा शब्दही याच उतारावरून घसरला. जुन्या इंग्रजीतील त्याचे ‘सोना’ हे रूप ‘तत्क्षणी’ या अर्थाचे होते. (आपल्या ‘आलोच’चा अनुभव कोणास नाही?)

‘सध्या’ हा तिसरा अर्थ अमेरिकेत व स्कॉटलंडमध्ये विशेष रूढ आहे. भारतातील इंग्रजी पत्रव्यवहारातही तो आढळतो. काही भाषाशुद्धिवादी त्यास नाक मुरडतात. परंतु 15व्या शतकापासून चालत आलेल्या अर्थास उपरा ठरविणे न्याय्य नव्हे. वाचकाने क्रियापदाचा काळ पाहावा : वर्तमानकाळ असेल तर बहुधा ‘सध्या’, भविष्यकाळ असेल तर ‘लवकरच’.