भंगारातली शिल्पे

जुन्नरचा हातकागद एके काळी फार नावाजलेला होता. तो कशाचा करीत? जुन्या गोणपाटाचा! पण गोणपाट कुटले की त्याची खूण उरत नाही. आज आपण ज्या शिल्पांची माहिती घेणार आहोत, त्यांत जुन्या वस्तूची खूण मुद्दाम राखलेली असते.

पिकासो हा स्पेन देशाचा मोठा कलावंत. १९४२ साली त्याने जुन्या सायकलची सीट घेतली, तिच्यावर हँडल बसवले. झाले बैलाचे डोके! सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगे. आंबेगावात ज्याने शर्यतीचे बैल पाहिले, त्याला हे फोड करून सांगायला नको.

मुंबईच्या शर्मिला सामंत यांनी १९९९ च्या सुमारास एक साडी केली. सूत नाही, जर नाही. कोकाकोलाच्या बाटल्यांची पत्र्याची बुचे एकमेकांना जोडली. नाव मात्र ‘हाताने केलेली साडी’! साडी आपली, बुचे परदेशी कंपनीची. मग आपल्या विणकराचे काय, हा प्रश्न त्या साडीतच आहे, असे आम्हांला वाटते.

मंचरला, नारायणगावला भंगारात झिजलेले फाळ, सायकलची चाके येतात. भंगारवाला ती तराजूत टाकतो. शिल्पकार आधी हातात धरून फिरवून बघतो, हे कशासारखे दिसते?