वर्तुळातील कोन शिकविताना

‘एकाच कंसावरील केंद्रस्थ कोन परिघस्थ कोनाच्या दुप्पट असतो’ हे विधान आपले विद्यार्थी अस्खलित म्हणतात. एका शाळेस भेट दिली असता मी फळ्यावर म केंद्राचे वर्तुळ काढून त्यात अब ही जीवा काढली व कोन अमब १००° दिला. मोठ्या कंसावरील क बिंदूपाशी होणारा कोन अकब किती, असे विचारताच साऱ्या वर्गाने ‘५०°’ म्हणून सांगितले. मग ड बिंदू लहान कंसावर घेतला. कोन अडब विचारला, तरी उत्तर तेच. कोनमापकाने मोजावयास लावले, तेव्हा १३०° निघाले. एक मुलगी म्हणाली, “आकृती चुकली असेल, साहेब.” पाठ केलेल्या विधानापुढे डोळ्यांनी मोजलेले खोटे वाटावे, ही गोष्ट मला फार बोचली.

यात दोष मुलांचा नाही. ‘एकाच कंसावरील’ हे दोन शब्द आपण शिक्षकच वरवर उच्चारतो. परिघस्थ कोनाच्या दोन भुजांच्या आत जो कंस सापडतो, तो त्या कोनाचा कंस. कोन अडब याच्या भुजांत मोठा कंस सापडतो; केंद्राशी त्याचे माप ३६०° − १००° = २६०°, आणि त्याची निमपट १३०°. क व ड येथील कोनांची बेरीज १८०° येते ती याचमुळे, कारण त्यांचे दोन कंस मिळून अवघे वर्तुळ होते. चक्रीय चौकोनाचे प्रमेय येथेच हाती येते. ते निराळे घोकून घेण्याचे कारण उरत नाही.

सिद्धता देताना क मधून व्यास काढावा. त्रिज्या समान, म्हणून त्रिकोण अमक समद्विभुज; त्याचा म पाशी होणारा बाह्यकोन क पाशी असलेल्या कोनाच्या दुप्पट. व्यासाच्या दुसऱ्या अंगासही तेच करून बेरीज घ्यावी. परंतु क बिंदू जीवेच्या टोकाजवळ सरकला म्हणजे केंद्र कोनाच्या बाहेर पडते व बेरजेऐवजी वजाबाकी करावी लागते. युक्लिडने आपल्या तिसऱ्या पुस्तकातील विसाव्या साध्यात ही आकृती वगळली नाही. आपण मात्र ‘त्याचप्रमाणे’ म्हणून पुढे जातो. ती फळ्यावर काढलीच पाहिजे.

अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो, हे शिकवून झाले की सुताराचा गुण्या वर्गात न्यावा. डब्याचे झाकण कागदावर ठेवून वर्तुळ गिरवावे. कंपास वापरू नये, कारण त्याचे छिद्र केंद्र आधीच सांगून टाकते. गुण्याचा काटकोनी कोपरा परिघावर टेकवून त्याच्या दोन कडा परिघाला जेथे छेदतील ते बिंदू जोडावेत. तो व्यास. कोपरा दुसरीकडे टेकवून आणखी एक व्यास काढला, की दोहोंच्या छेदनबिंदूत केंद्र सापडते.

त्याच वर्गाकडून मी हे करविले. त्या मुलीने पडताळ्यासाठी तिसरा व्यास काढला, तो केंद्राला किंचित चुकवून गेला. तिने तो खोडला आणि गुण्या पुनः नीट टेकविला.