माझं माणूस

प्रभादेवीच्या चाळीत आम्ही दोघी एकत्र राहू लागलो, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. गाठ घालून दिली स्त्री-चळवळीनं. निभावायचं कसं, ते आमचं आम्ही शिकलो.

१. मोर्चाच्या आदल्या रात्रीची कामं चुकवू नयेत.
मथुरा बलात्कार खटल्यातले पोलीस सर्वोच्च न्यायालयातून सुटले, त्या संतापात १९८० साली मुंबईतल्या बायका रस्त्यावर आल्या. पोस्टरांसाठी मी स्टोव्हवर खळ शिजवत होते. मैद्याच्या गुठळ्याच गुठळ्या! तिनं पातेलं ओढून घेतलं. "आधी गार पाण्यात कालवायचा गं." नंतर नखांतली वाळलेली खळ काढता काढता माझा हात तिच्या हातातच राहिला.

२. घोषणा देणाऱ्यांनाही सगळं बोलता येत नाही.
हुंडा, बलात्कार, मारहाण यांवर बैठका रात्री उशिरापर्यंत चालायच्या. आमचा विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती हळूच म्हणाली, "आत्ता नको, विरोधकांच्या हातात कोलीत मिळेल." ती घाबरली होती. खरं तर आम्हीही.

३. गोष्ट आपली असली तरी शेवट दुसऱ्याचा घेऊ नये.
१९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक आलं. बाईवर प्रेम करणारी बाई, तीही मराठी रंगमंचावर! पण अखेरीला ती आत्महत्या करते. घरी येईपर्यंत आम्ही गप्प. मग ही म्हणाली, "पिठलं टाकते." तेव्हापासून नाटक कुठलंही असो, रात्री आमच्याकडे पिठलं-भातच.

४. 'मैत्रीण' या शब्दाचं छप्पर गळकं असतं.
१९८२ च्या गिरणी संपात चाळीतल्या कित्येक घरांची चूल थंडावली. अशा दिवसांत दोघी बायका भाडं वाटून राहतात, यात कुणाला वावगं दिसलं नाही. बाई-पुरुष असतो तर पहिल्याच महिन्यात चाळ कमिटी दारात आली असती. पण तिचे वडील गेले तेव्हा ती आत रडत होती, आणि मी, 'मैत्रीण', बाहेर चपलांपाशी उभी होते.

५. कात्रणं जपावीत.
१९८७ मध्ये भोपाळच्या लीला आणि उर्मिला या दोन महिला पोलिसांनी एकमेकींशी लग्न केलं, तर नोकरी गेली. ती बातमी आम्ही डाळीच्या डब्याखाली अंथरली. दर दिवाळीला डबे घासताना पुन्हा वाचायची. १९९५ मध्ये मुंबईत बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांचा 'स्त्री संगम' हा गट सुरू झाला, तेव्हा कळलं, असे डबे बऱ्याच घरांत असणार. १९९८ मध्ये दोन बायकांच्या प्रेमावरच्या 'फायर' चित्रपटाचे खेळ बंद पाडणाऱ्यांत बायकाही होत्या. ते कात्रण मात्र तिनं ठेवू दिलं नाही.

६. कायद्याची वाट पाहावी, पण अडून बसू नये.
२०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास सुटला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लग्नाचा हक्क मात्र दिला नाही. मधल्या काळात तिचं ऑपरेशन झालं. नातं काय सांगायचं, याची मी रात्रभर जुळवाजुळव करत होते. सकाळी नर्सनं दारातूनच हाक मारली, "पेशंटचं माणूस कोण आहे?"
"मी," म्हटलं, आणि आत गेले.