बाप्तिस्म्यापूर्वींचें लग्न

पाठ : करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय ७, वचनें १२ ते १६

गांवोगांवच्या मंडळ्यांत उपदेशकांपुढें दोन प्रश्न येतात. नवराबायको दोघेंही बाप्तिस्मा घेतात, तेव्हां त्यांचें लग्न पाळकानें पुन्हा लावावें काय? दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. नवऱ्यानें बाप्तिस्मा घेतला आणि बायको माहेरीं जाऊन बसली. आतां त्यानें मंडळींतील मुलीशीं लग्न करावें काय? ह्या पाठांत आम्ही ह्या दोहोंचा विचार करणार आहों.

विवाह मंडळीनें स्थापिलेला नाहीं. इस्राएल राष्ट्र नव्हतें, मंडळीही नव्हती, तेव्हांच देवानें तो मनुष्यजातीला दिला, हें उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायावरून दिसतें. परूश्यांनीं सूटपत्राविषयीं विचारलें, तेव्हां प्रभूनेंही त्या आरंभाकडेच बोट दाखविलें (मत्तय १९). म्हणून जातीच्या रीतीप्रमाणें चारचौघांसमक्ष झालेलें लग्न लग्नच आहे. बाप्तिस्मा हें पापक्षालनाचें चिन्ह; आणि लग्न हें कांहीं पाप नव्हे कीं तें धुऊन जावें. अशा जोडप्याचें लग्न पुन्हा लावूं नये. लावल्यास त्यांचा आजवरचा संसार खोटा आणि लेंकरें अनौरस ठरविल्यासारखें होईल. पाळकानें त्यांच्यासाठीं प्रार्थना करावी, तेवढें पुरे.

आतां दुसरा प्रश्न. करिंथांतही घरोघर हाच पेंच होता. पौल सांगतो कीं, अविश्वासी जोडीदार नांदण्यास राजी असेल तर विश्वासणाऱ्यानें त्याला टाकूं नये. तो आपण होऊन निघून गेला, तर विश्वासणारा बांधलेला नाहीं. ह्या शेवटल्या शब्दांवरून रोमन मंडळीनें कांहीं अटींवर नव्या विवाहाची मोकळीक दिली आहे. प्राटेस्टंट मंडळ्यांत त्यांचा अर्थ सर्वत्र एकच केलेला नाहीं. परंतु आधीं सोडणारा विश्वासी नसावा, ह्याविषयीं मतभेद नाहीं.

आपल्या देशांत १८६६ सालीं धर्मांतर केलेल्यांच्या विवाहविच्छेदाचा कायदा झाला. धर्मांतरामुळें जोडीदारानें सहा महिने टाकलें असतां ख्रिस्ती झालेल्याला अर्ज करतां येई. जोडीदारानें नांदण्यास नकार दिला तरी खटला एक वर्ष पुढें ढकलीत, आणि पुन्हा नकारच आला तर लग्न मोडीत. म्हणजे कायद्यानेंही आधीं वाट पाहावयास लाविलें. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानें, हिंदू राहिलेल्या जोडीदाराला ह्या कारणावरून घटस्फोट मागतां येतो. धर्मांतर करणाऱ्याला आपल्याच धर्मांतराच्या कारणावरून तो मागतां येत नाहीं. नुसत्या बाप्तिस्म्यानें लग्न मोडत नाहीं. न्यायालयाचा हुकूम होण्यापूर्वीं दुसरें लग्न करणें हा गुन्हा आहे.

दोन बायका असलेल्या पुरुषाचें काय? १८८८ सालीं लँबेथ येथील अँग्लिकन बिशपांच्या परिषदेनें ठरविलें कीं, अशाला बाप्तिस्मा देऊं नये, फक्त शिक्षण देत राहावें. १९८८ च्या परिषदेनें निराळा निर्णय केला : बायका हयात असेतों तो आणखी लग्न करणार नाहीं असें वचन देईल, आणि तेथील मंडळी संमति देईल, तर त्याला घ्यावें, बायको टाकण्यास भाग पाडूं नये, कारण टाकलेल्या स्त्रीचे समाजांत हाल होतात. शंभर वर्षांनीं कां होईना, त्या स्त्रीकडे लक्ष गेलें.

महाराष्ट्रांतलें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या व कांहीं वर्षें वेगळ्या राहिल्या. टिळकांनीं दुसरें घर केलें नाहीं. पुढें दोघें एकत्र आलीं, आणि १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. त्या वर्षांचें दुःख त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथांत वाचावयास मिळतें.

तेव्हां बंधूंनो, बायको माहेरीं गेली म्हणून ती मेली असें समजूं नका. तिच्याकडे माणूस पाठवा, पत्र लिहा, तिच्या व लेंकरांच्या पोटाची सोय करा. तिनें ख्रिस्ती व्हावें ही अट घालूं नका. ज्या धर्मानें तुम्हांला नवें जीवन दिलें, त्यानेंच आपला संसार बुडविला, असें म्हणण्याची वेळ तिच्यावर येऊं नये.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न
१. विवाह कोणी व केव्हां स्थापिला?
२. वचन १५ प्रमाणें आधीं कोण सोडून जातो?
३. आपल्या गांवांत अशी वेगळी राहिलेली कोणी बहीण आहे काय? तिची विचारपूस कोण करतो?