ओझे उतरल्यानंतर : थकलेल्या घोड्यांच्या सांभाळाचा एक अभ्यास

व्यापाराचा इतिहास लिहिताना आपण पेढ्यांची, पेठांची आणि कर्त्या पुरुषांची नावे आदराने नोंदवितो. परंतु ज्या पाठींवरून व ज्या गाड्यांतून माल पेठेपर्यंत पोहोचला, त्या मुक्या जनावरांची नोंद कोणत्याही कीर्दीत सापडत नाही. स्टेशनापासून दुकानापर्यंत माल आणि माणसे वाहून नेणारा टांग्याचा घोडा हा एके काळी आपल्या व्यवसायाचा बिनपगारी भागीदारच होता. आज टांगे बहुतेक ठिकाणी नाहीसे झाले आहेत; तथापि माथेरानच्या चढणीवर, लग्नाच्या वरातींत आणि देशात कित्येक वीटभट्ट्यांवर घोडे राबतच आहेत. काम संपल्यावर त्यांचे काय होते, हा प्रश्न अद्याप जुना झालेला नाही.

अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यांत बंध, वध आणि छेद यांच्या जोडीला अतिभारारोपण व अन्नपाननिरोध हे दोन सांगितले आहेत. शक्तीबाहेर ओझे लादणे आणि वेळेवर चारापाणी न देणे, हे दोष शिकाऱ्याचे नव्हेत. ते गाडी जुंपणाऱ्याचे आणि माल पाठविणाऱ्याचे आहेत. म्हणून हा विषय व्यापारी बंधूंच्या विचारास योग्य आहे, असे आम्हांस वाटते.

या कामात पूर्वी कोणी कसे पाऊल टाकले, हे पाहावयाचे तर कैरो शहराचे उदाहरण बोधप्रद आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने ईजिप्तमधील आपले हजारो घोडे मायदेशी न नेता तेथेच विकून टाकले. १९३० साली डोरोथी ब्रूक ही एका लष्करी अधिकाऱ्याची पत्नी कैरोस आली, तेव्हा त्यांतील काही घोडे म्हातारे व अस्थिपंजर होऊन अजून गाड्या ओढीत असल्याचे तिला दिसले. १९३१ साली तिने लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ या दैनिकात पत्र लिहून मदत मागितली. देणग्या आल्या, सुमारे तीन वर्षांत पाच हजारांच्या आसपास घोडे विकत घेतले गेले, आणि १९३४ साली कैरोमध्ये कायमचे पशुरुग्णालय उभे राहिले. त्या कामातून वाढलेली संस्था ‘ब्रूक’ या नावाने आज अनेक देशांत कष्टकरी घोडे, गाढवे व खेचरे यांची सेवा करीत आहे.

या उदाहरणात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, ब्रूकबाईंनी मालकास केवळ दोष दिला नाही. त्यास पैसे दिले. बहुतेक मालक स्वतःच अर्धपोटी होते, आणि घोडा सोडविताना घरातील चूल विझू नये याची काळजी घेणे आवश्यक होते. दुसरी, घोडे विकत घेण्यास अंत नाही हे ओळखून, काम करीत असलेल्या जनावरावर वेळीच उपचार व्हावेत अशी कायम व्यवस्था केली. दुःख झाल्यावर धावण्यापेक्षा ते होऊ न देणे, हा हिशेब व्यापाऱ्यास समजावून सांगावा लागत नाही.

परंतु येथे एक गोष्ट लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. घेतलेल्या घोड्यांपैकी बहुतेक इतके खंगलेले होते की, काही दिवस पोटभर चारा, पाणी आणि मऊ पेंढ्याचे अंथरूण देऊन नंतर त्यांचे जीवन वेदनारहित रीतीने संपविण्यात आले. आपल्या श्रद्धेस हा मार्ग मान्य नाही. १८३४ साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरापोळ स्थापन झाली. अशा संस्थांमागील आपली भावना निराळी आहे : जीव घ्यावयाचा नाही, अखेरपर्यंत सांभाळावयाचे.

मात्र हा नकार फुकट मिळत नाही. ज्याने जनावराचे प्राण घेण्याचे नाकारले, त्याने त्याच्या वेदना कमी करण्याचे काम पत्करले, असाच त्याचा अर्थ आहे. लंगडा घोडा चिखलात उभा करून त्याच्यापुढे दोन पेंढ्या टाकल्या, म्हणजे दया झाली असे म्हणता येणार नाही. तेथे पशुवैद्य येत नसेल, जखमेवर औषध लागत नसेल, तर त्याच्या वेदनेचा प्रत्येक दिवस आपल्या नावे पडतो. ब्रूकबाईंच्या मार्गावर टीका करण्यापूर्वी आपल्या ठाणाची जमीन कोरडी आहे की नाही, हे आपण आधी पाहावे.

सांभाळ म्हणजे काय, हेही नीट समजून घेतले पाहिजे. उपाशी घोडा आणताच त्याच्यापुढे हरभऱ्याचे पोते उघडणे धोक्याचे आहे. त्याने प्राणही जाऊ शकतो. प्रथम स्वच्छ पाणी आणि सुका चारा थोडा थोडा, दिवसातून अनेक वेळा द्यावा. धान्य पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने सुरू करावे. नवा घोडा आरंभी इतरांपासून वेगळा बांधून त्याचे रक्त तपासून घ्यावे, कारण ग्लँडर्स नावाचा रोग माणसासही होऊ शकतो. चारा असूनही घोडा रोडावत असेल तर दाढा पाहाव्यात. त्यांना धारदार कडा आल्या म्हणजे घास चावता येत नाही, व त्या कानशीने घासाव्या लागतात. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून कापून घ्यावेत. शिवाय घोडा हा कळपाचा प्राणी आहे. त्यास सोबत हवी.

आता खर्चाची बाजू पाहू. साडेतीनशे किलो वजनाच्या घोड्यास रोज सुमारे सात किलो सुका चारा लागतो; म्हणजे वर्षास अडीच टन. घोडा पंचवीस वर्षे वा त्याहून अधिक जगू शकतो. पंधराव्या वर्षी कामातून सुटलेला घोडा आपण आणला, तर दहा वर्षांच्या पंचवीस टन चाऱ्याचे देणे आपण लिहून दिले. एका पर्युषणातील उत्साहाने हे देणे फिटत नाही. दहा घोडे आणून दोन वर्षांत थकण्यापेक्षा दोन घोडे आणून त्यांना अखेरपर्यंत नीट सांभाळणे अधिक श्रेयस्कर होय.

जे घोडे आज कामात आहेत, त्यांच्याविषयीही आपले कर्तव्य आहे. भारवाही पशूंसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनुसार जनावराकडून दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक, अथवा विश्रांतीविना सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. आणि तापमान ३७ अंशांवर गेलेले असता दुपारी बारा ते तीन या वेळात त्यास जुंपता येत नाही. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरविल्या, तेव्हा त्यांवर पोट भरणाऱ्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही पुढे आला. गाडी बंद करण्यास एक आदेश पुरतो. गाडीवान आणि घोडा या दोघांची सोय लावण्यास समाज लागतो.

तेव्हा आमची सर्व सभासद बंधुभगिनींस नम्र विनंती एवढीच आहे. मुलाच्या वरातीस घोडा ठरविताना त्याच्या पाठीवर जखम आहे काय, हे खोगीर उचलून पाहावे. पांजरापोळीस देणगी देताना पावतीबरोबर पशुवैद्याच्या भेटींची वहीही पाहावयास मागावी. आणि शक्य असेल त्यांनी एखाद्या जनावराचा खर्च एक दिवसाकरिता नव्हे, तर त्याच्या आयुष्याकरिता आपल्या खात्यावर घ्यावा. ज्यांनी आपला माल वाहिला, त्यांचे ओझे उतरल्यानंतर तरी आपण त्यांचे ऋण मान्य करू या.