चष्म्याचा नंबर व भिंगाचा मध्य

ज्या मुलास फळ्यावरील अक्षरें दिसत नाहींत, त्यास मठ्ठ ठरविणें सोपें आहे. त्याचे डोळे तपासून चष्मा देणें अधिक हितावह. परंतु नंबर बरोबर आला म्हणजे काम संपलें, असें मात्र नाहीं. भिंग डोळ्यासमोर कोठें राहतें, यावरहि त्याचा उपयोग अवलंबून असतो.

प्रथम नंबर म्हणजे काय तें पाहूं. समांतर किरण बहिर्गोल भिंगांतून जाऊन ज्या बिंदूंत मिळतात, त्याच्या भिंगापासूनच्या अंतरास केंद्रांतर म्हणतात. या अंतराच्या मीटरांनीं एकास भागलें, कीं भिंगाचा नंबर निघतो. या परिमाणास डायॉप्टर हें नांव फ्रेंच नेत्रवैद्य मोनोयेर यांनीं १८७२ सालीं सुचविलें. ज्यास अर्ध्या मीटरापलीकडील वस्तु पुसट दिसतात, त्यास उणे दोन नंबरचें अंतर्गोल भिंग लागतें. कारण तें दुरून येणारे किरण असे फांकवितें, कीं ते अर्ध्या मीटरावरूनच आल्यासारखे होतात.

आतां मध्याचा विचार करूं. भिंगाच्या मध्यांतून जाणारा किरण ढळत नाहीं; कडेचा भाग मात्र लोलकाप्रमाणें किरणास वळवितो. चार नंबरच्या भिंगाचा मध्य बाहुलीपासून ५ मिलिमीटर सरकला, तर एक मीटर अंतरावर किरण २ सेंटिमीटर ढळतो. मग दोन्ही डोळ्यांचीं चित्रें एक करतांना स्नायूंस ताण पडून डोकें दुखूं लागतें. म्हणूनच चष्मा बनविण्यापूर्वीं दोन बाहुल्यांमधील अंतर मोजतात. नंबर जुळला तरी दुसऱ्याचा चष्मा पुष्कळदां सोसत नाहीं, त्याचें एक कारण हेंच.

डोळा व भिंग यांमधील अंतरासहि महत्त्व आहे. उणे आठ नंबरचें भिंग नाकावरून ४ मिलिमीटर पुढें घसरलें, तर त्याचा गुण सुमारें पाव नंबरानें घटतो.

वाचकांस एक प्रयोग करून पाहतां येईल. चष्मा डोळ्यापासून वीतभर दूर धरून एका भिंगांतून खिडकीचा उभा गज पाहावा व चष्मा हळूहळू बाजूस सरकवावा. गज भिंगाबरोबर सरकतांना दिसला, तर भिंग अंतर्गोल; उलट दिशेस सरकला, तर बहिर्गोल. जेथें गजाची भिंगांतील व बाहेरील रेघ अखंड जुळते, त्याच उभ्या रेषेंत भिंगाचा मध्य असतो.

तेव्हां नव्या चष्म्यानें डोकें दुखल्यास तो पेटींत टाकून देऊं नये. नंबराबरोबरच भिंगाचा मध्य व चौकटीची बैठकहि तपासून घ्यावी.